हीच ती मोटार काय?

ओळख पटणे ही गोष्ट आपण सामान्यतः फार सोपी समजतो. बारा वर्षांनी परत आलेल्या मुलास आई दारातच ओळखते, गाय वासरास हुंगून ओळखते, आणि सोनार स्वतः घडविलेला डाग दहा डागांतून वेगळा काढतो. न्यायशास्त्रात ह्या ओळखीस ‘प्रत्यभिज्ञा’ असे नाव असून ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे ‘तो हा देवदत्त’, हे तिचे ठरीव उदाहरण शिकविले जाते. पूर्वी पाहिलेला ‘तो’ आणि समोर उभा असलेला ‘हा’ एकच, असा निश्चय म्हणजे प्रत्यभिज्ञा. शाळेत संस्कृत शिकविताना हे उदाहरण आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल ह्याची गणती नाही. परंतु ‘तो’ आणि ‘हा’ ह्यांच्यामध्ये सत्तर वर्षांचा काळ, चार देशांचे जकातनाके, दोनतीन अपघात आणि कोट्यवधी रुपयांचा लोभ येऊन उभा राहिला म्हणजे तोच निश्चय किती अवघड होऊन बसतो, हे आम्हांस कळले ते इटलीतील जुन्या शर्यतीच्या मोटारींमुळे.

एका निवृत्त संस्कृत मास्तराने मोटारींवर लिहावे ह्याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. आमची स्वतःची म्हणाल तर एक सायकल, आणि तीही आता नातू चालवितो. परंतु आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन इटलीत मोदेना शहरी जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस लागले, व २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता तेथे सहा आठवडे राहून आलो. तेथे जे पाहिले व ऐकले, आणि पुढे आमच्या घरातच ज्या प्रकरणाने दोन महिने जेवणाच्या पानावर वाद माजविला, ते येथे सांगावयाचे आहे.

मोदेना हे गाव फार जुने. तेथील मुख्य देवळाच्या दर्शनी भिंतीवर १०९९ हे वर्ष आणि विलिजेल्मो नामक शिल्पकाराची स्तुती कोरलेला लॅटिन शिलालेख आहे. दगडावर कोरलेले ते वर्ष नऊशे वर्षे जागचे हललेले नाही. उलट त्याच गावाच्या परिसरात गेल्या शतकात ज्या मोटारी निर्माण झाल्या, त्यांच्या पोलादी सांगाड्यांवर ठोकलेले तीनचार आकडे मात्र पाय फुटल्यासारखे एका गाडीवरून दुसरीवर गेलेले आढळतात. फेरारीचा कारखाना येथून जवळच मारानेल्लो येथे. मासेराती बंधूंचा मूळचा बोलोन्याचा उद्योग ओर्सी घराण्याने १९३७ साली विकत घेतल्यावर तोही मोदेनास आला. आणि ह्या मोटारींना अ‍ॅल्युमिनियमचा देखणा अंगरखा शिवणारा स्काल्येत्ती हाही मोदेनाचाच. मिलानमध्ये अल्फा रोमेओ, तूरिंग व झागातो, ट्यूरिनमध्ये पिनिन फारिना आणि बेर्तोने. एकाने सांगाडा व इंजिन करावे आणि दुसऱ्याने त्यावर कवच चढवावे, अशी तेथील बलुतेदारी होती.

हे क्रमांक हलले कसे, हे समजावयास शर्यतीच्या कारखान्याची मनोवृत्ती ध्यानात घ्यावी लागते. आज ज्या वस्तूंस संग्रहालयात दोरी लावून ठेवतात, त्या त्या काळी केवळ हत्यारे होती. रविवारी शर्यत झाली की सोमवारी इंजिन उतरवावे, ते दुसऱ्या गाडीत बसवावे, वाकलेला सांगाडा कापून नवी नळी जोडावी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहावे. फेरारीने आपल्या नावाची पहिली मोटार १९४७ साली बाहेर काढली. ११ मे रोजी ती प्याचेंझा येथे शर्यतीस उतरली व दोनच आठवड्यांनी, २५ मे रोजी, रोम येथे फ्रांको कोर्तेझे ह्याने तीवर पहिला विजय मिळविला. १२५ एस जातीच्या त्या पहिल्या सांगाड्याचा क्रमांक ०१सी. पुढे तिची मोडतोड होऊन भाग नव्या गाडीत गेले. ०१०आय ह्या क्रमांकाची नंतरची गाडी म्हणजेच ती पहिली, असे मानणारा एक पक्ष अभ्यासकांत आहे. म्हणजे घराण्याच्या मूळपुरुषापासूनच वंशावळीत शंकेस जागा!

दुसरे कारण जकातीचे. शर्यतीसाठी गाडी परदेशी न्यावयाची तर तिचे क्रमांकासह कागद करावे लागत व ती परत आणून दाखवावी लागे. कागद तयार एका क्रमांकाचे आणि धडधाकट गाडी भलत्याच क्रमांकाची, असा प्रसंग आला म्हणजे कारखान्यातील मंडळी फारसा विचार न करता ज्याचे कागद तयार तो क्रमांक जी गाडी तयार तिच्यावर ठोकून मोकळी होत. मासेरातीच्या २५०एफ ह्या प्रसिद्ध गाड्यांच्या इतिहासात असे फेरबदल पुष्कळ आहेत. ह्यात कोणास फसविण्याचा हेतू नव्हता. वीस वर्षांनंतर कोणी हे आकडे भिंगाखाली धरील ही कल्पनाच कोणास नव्हती.

तिसरे कारण अंगरख्याचे. गाडी आपटली, किंवा नुसती जुन्या वळणाची दिसू लागली, तरी मालक तीवर नवे कवच चढवीत, आणि कधीकधी कारखाना स्वतःच तसे करी. फेरारी २५० जीटीओ ही आज साऱ्या जगात अत्यंत मोलाची समजली जाणारी जात. तीन लिटर इंजिनाच्या ह्या गाड्या १९६२ ते १९६४ ह्या काळात अवघ्या ३६ झाल्या. त्यांपैकी ३४१३जीटी ह्या गाडीस १९६४ साली स्काल्येत्तीने नव्या धाटणीचे कवच चढविले व ते आजतागायत तिच्या अंगावर आहे. मूळ वस्त्र गेले म्हणून तिची ओळख गेली असे कोणी म्हटले नाही; २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ती ४ कोटी ८४ लाख डॉलरांस विकली गेली.

ह्या रकमेपाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. ह्याच जीटीओ जातीची एक गाडी अमेरिकेत टेक्सास प्रांतातील व्हिक्टोरिया गावच्या हायस्कुलास देणगी मिळाली होती. तेथील मुले मोटारदुरुस्तीच्या तासास ती खोलून पाहत. १९७२ साली शाळेने ती ६,५०० डॉलरांस विकून टाकली. आम्ही जन्मभर शाळेत काढल्यामुळे ही हकीकत ऐकून आम्हांस मौज वाटली, आणि हेडमास्तरांची मनोमन कीवही आली. परंतु १९८० नंतरच्या दशकात भाव गगनास भिडू लागले तेव्हा कारागिरांच्या ध्यानात आले की, ह्या राजस गाडीचे इंजिन आणि एका साध्या गाडीचे इंजिन मुळात एकाच कुळीचे आहे. ती साधी गाडी म्हणजे २५० जीटीई. १९६० ते १९६३ च्या दरम्यान अशा साडेनऊशेच्या आसपास झाल्या. मागे दोन आसने असलेली, मुलाबाळांस घेऊन जाण्याजोगी, कुटुंबवत्सल मोटार. अशा कित्येक निरुपद्रवी गाड्या चिरून त्यांच्या इंजिनांवर व सांगाड्यांवर जीटीओची वा दुसऱ्या एखाद्या नामांकित शर्यतीच्या गाडीची सोंगे उभी केली गेली. ‘ही प्रतिकृती आहे’ असे सांगून ज्यांनी ती विकली त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. बोलणे आहे ते पुढे त्या सोंगांना कागदपत्रे चिकटविणाऱ्यांविषयी. बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ साली जीटीओचे रूप ही कलाकृती असून तिची नक्कल करण्याचा हक्क दुसऱ्यास नाही असा निर्णय दिला. तथापि कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वीच पुष्कळ साध्या गाड्या नाहीशा झालेल्या होत्या.

आता प्रश्न असा की खरे-खोटे ठरवावे कसे? आमचा पुतण्या आम्हांस कारखान्यात घेऊन गेला व त्याने परीक्षेची रीत दाखविली. तो जसजसे सांगू लागला तसतशी आम्हांस नैयायिकांची चार प्रमाणे आठवू लागली. तेव्हा त्याच क्रमाने सांगतो.

पहिले प्रमाण प्रत्यक्ष. सांगाड्यास इटालियन भाषेत ‘तेलायो’ म्हणतात, आणि विणकराच्या मागासही तोच शब्द. ह्या तेलायोवर कारखान्याने लोखंडी ठशांनी आकडे ठोकलेले असतात. प्रत्येक कारखान्याच्या ठशांचे वळण निराळे. सातास आडवी दांडी आहे की नाही, तिनाचे डोके गोल की सपाट, हे परीक्षक अक्षरतज्ज्ञाच्या बारकाईने पाहतो. त्यात एक चमत्कार असा की, ठसा ठोकताना पोलाद नुसते वरवर खचत नाही, त्याच्या खालचा थरही दबतो. कोणी वरचा आकडा कानशीने घासून गुळगुळीत केला तरी त्या जागी आम्ल लावले म्हणजे दबलेला थर निराळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला आकडा भुतासारखा अंधुक वर येतो. नंतर रंग उतरवून क्रमांकाभोवती जोडकामाची रेघ आहे की काय ते पाहतात. कारण क्रमांकाचा तुकडाच दुसरीकडून कापून आणून बसविण्याची युक्ती जुनी आहे. कवच पाहावयाचे ते वेगळ्या दृष्टीने. हे पत्रे हातोडीने ठोकून बनविलेले, त्यामुळे डावी बाजू उजवीशी कधी तंतोतंत जुळत नाही. पुतण्याने आमच्या हाती मोजपट्टी दिली आणि एका खऱ्या जुन्या गाडीच्या दोन्ही कमानी मोजावयास सांगितले. अर्ध्या बोटाचा फरक निघाला. तो हसून म्हणाला, “काका, दोन्ही बाजू सारख्या भरल्या असत्या तर मला भीती वाटली असती.”

दुसरे अनुमान. पर्वतावर धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असे आपण ताडतो. येथे धुराच्या ठिकाणी छायाचित्रे असतात. ब्रेशा शहराहून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशास येणारी सुमारे १६०० किलोमीटरची ‘मिले मिल्या’ नावाची शर्यत १९२७ ते १९५७ पर्यंत उघड्या रस्त्यांवरून होत असे. १९४९ नंतर गाडीवर रंगविलेला आकडा म्हणजे तिची सुटण्याची वेळ असे. १९५५ साली स्टर्लिंग मॉस ज्या जर्मन मर्सिडीझ गाडीत जिंकला तीवर ७२२ हा आकडा होता, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. त्यामुळे एखादे जुने छायाचित्र सापडले की आकड्यावरून गाडी, तिचा चालक आणि तो दिवस ही तिन्ही एकदम हाती येतात. मग रिव्हेटांची संख्या, हवेसाठी पाडलेल्या फटी, दिव्यांची उंची, दरवाजाखालचा एखादा पोचा ही चिन्हे समोरच्या गाडीशी ताडून पाहावयाची. हस्तलिखितांच्या दोन पोथ्यांत एकच अपपाठ आढळला म्हणजे त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे संशोधक म्हणतात. तसाच हा न्याय.

तिसरे उपमान. ‘गवा गायीसारखा असतो’ हे ऐकलेला मनुष्य रानात गवा ओळखतो. तद्वत् जिच्याविषयी संशय नाही अशी त्याच मालिकेतील भगिनी-गाडी शोधून तिच्या नळ्यांची जाडी, कवचाच्या आत खडूने वा ठशाने घातलेले कारागिरांचे क्रमांक, गिअरबॉक्सवरील अंक हे सर्व जुळते काय ते पाहतात. फेरारीच्या बाबतीत तर सम आणि विषम आकड्यांतही अर्थ असतो. त्या काळी रस्त्यावरच्या गाड्यांस विषम व शर्यतीच्या गाड्यांस सम क्रमांक देण्याचा प्रघात होता. मात्र जीटीओ शर्यतीत धावत असूनही विषम क्रमांकांच्या आहेत. नियमापेक्षा अपवाद पाठ असणारा परीक्षक खरा, हे व्याकरणाप्रमाणे येथेही खरे.

चौथे प्रमाण शब्द, म्हणजे कागद. इटलीत १९२७ पासून मोटारींची सरकारी नोंदवही आहे. गाडी कोणाच्या नावे, कोणत्या प्रांतात, केव्हा विकली, गहाण पडली, मोडीत निघाली, हे तीत क्रमाने लिहिलेले असते. कारखान्यांची दप्तरे, जन्मदाखल्यासारखे उत्पत्तिपत्र, शर्यतींच्या नोंदी, जकातीचे कागद ही आणखी साधने. परंतु शब्द प्रमाण होण्यास बोलणारा आप्त असावा लागतो, आणि ज्यास त्या बोलण्यापासून लाभ नाही तोच आप्त. विकणाऱ्याने छापलेली गुळगुळीत पुस्तिका हे आप्तवाक्य नव्हे. शिवाय कागद क्रमांकाविषयी खरा असून गाडीविषयी खोटा असू शकतो. कागद व वस्तू निराळ्या हातांत पडल्या म्हणजे काय होते ह्याचा दाखला फेरारी ३७५ प्लस जातीच्या, ०३८४एएम क्रमांकाच्या १९५४ सालच्या गाडीचा आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओहायो प्रांतात एका संग्राहकाच्या आवारातून तिचा सांगाडा चोरीस गेला, तो बेल्जियममध्ये निघाला, आणि २०१४ साली इंग्लंडात लिलाव होऊन तिला एक कोटी सात लाख पौंडांवर किंमत आली तरी कज्जे मिटले नाहीत.

इतके करूनही मूळ तात्त्विक प्रश्न शिल्लक राहतोच. इंजिन बदलले, कवच बदलले, सांगाड्याच्या निम्म्या नळ्या नव्या झाल्या, तर मग ‘ती’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न मोटारी निघण्यापूर्वी दोन हजार वर्षे आपल्याकडे विचारला गेला आहे, आणि तोही एका वाहनाविषयीच. मिलिंद राजा भिक्षू नागसेनास भेटावयास रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्यास विचारले की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाने प्रत्येकास नाही म्हटले, आणि शेवटी ह्या सर्वांच्या मेळास व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ, असे त्यास कबूल करावे लागले. आमचे नैयायिक त्याहून कडक. वस्त्रातील एक तंतू काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन नवे ‘खंडपट’ जन्मास आले, असे ते म्हणतात. ह्या हिशेबाने टायर बदलणारा प्रत्येक मनुष्य नव्या मोटारीचा धनी होतो! आणि दिव्याची ज्योत रात्रभर एकच वाटते, पण ती क्षणोक्षणी नवी असते. तेथील ‘तीच ही’ ही जाणीव केवळ सारखेपणाची आहे, असेही त्यांनी बजावून ठेविले आहे.

ज्या मॉसच्या गाडीचा वर उल्लेख केला, तीत त्याच्या शेजारी बसून वाट सांगणारे डेनिस जेंकिन्सन हे पुढे ह्याच प्रश्नाचे मोठे मीमांसक झाले. १९८७ साली त्यांनी जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या प्रती लावल्या. जन्मली तशीच राहिलेली ती एक. भाग बदलले तरी जिचा इतिहास कधी तुटला नाही ती दुसरी. थोड्याशा अवशेषांतून पुन्हा उठविलेली ती निराळी. एखाद्याच अस्सल सुट्या भागाभोवती नव्याने रचलेली ती त्याहून निराळी. आणि मूळ नसताना किंवा मूळ अन्यत्र जिवंत असताना बनविलेली नक्कल ती अगदी शेवटी. लंडनच्या हायकोर्टापुढे १९९० साली एका इंग्रज बेंटली गाडीचा असाच खटला आला. १९२९ व १९३० अशी दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ती हीच काय, असा वाद होता, आणि सौदा एक कोटी पौंडांचा होता. तिच्यात त्या काळचे भाग थोडेच उरले होते. तरीही मधल्या काळात ती कधी अस्तित्वातून गेली नाही, तिच्या फेरबदलांची परंपरा अखंड आहे, म्हणून ती तीच, असा न्यायमूर्तींनी निवाडा केला. आम्हांस हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. शंभर वर्षांच्या वाड्याचे कौल बदलले, खांब बदलले, तरी आपण त्यास आजोबांचा वाडाच म्हणतो. कारण त्या प्रत्येक बदलाच्या वेळी घरात कोणीतरी राहत होते.

एरवी हे सर्व बुद्धीचे विलास म्हणून आम्ही बाजूस ठेविले असते. परंतु आम्ही परत आल्यानंतर त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास पुतण्याचा फोन आला, आणि प्रकरण घरात शिरले.

त्याच्या कारखान्यात एक लहानशी उघडी शर्यतीची गाडी तपासणीस आली होती. १९५० च्या आगेमागे फिआट ११०० ह्या साध्या गाडीचे यांत्रिक भाग घेऊन छोट्या कारखान्यांनी अशा पुष्कळ हलक्या गाड्या बनविल्या, आणि त्या मिले मिल्यात धावल्या. १९५७ साली भीषण अपघात होऊन, दोन्ही स्वार आणि मुलांसह नऊ प्रेक्षक प्राणास मुकल्यावर, ती शर्यत बंद झाली. पण १९७७ पासून जुन्या गाड्यांचा सोहळा म्हणून ती पुन्हा भरू लागली, आणि त्या काळी धावलेल्या जातीच्या गाडीसच तीत प्रवेश मिळत असल्याने ह्या लहान गाड्यांचा भावही चढला. आलेली गाडी मूळ शर्यतीत धावलेली आहे, असे मालकाचे म्हणणे होते. क्रमांकाचे ठसे अगदी अस्सल निघाले. पण रंग उतरविल्यावर त्यांच्याभोवती चार बोटे लांबीची चौकोनी रेघ दिसली. क्रमांक खरा, त्याखालचा सांगाडा दुसऱ्याचा! आम्ल लावल्यावर दुसऱ्या जागी घासून टाकलेला आकडा उमटला. तो एका साध्या घरगुती फिआटचा होता.

पुतण्याने पाहिले तसे अहवालात लिहिले. मालकाने ते वाक्य गाळावयास सांगितले. खोटे लिही असे कोणी म्हटले नाही; जे दिसले ते लिहू नको एवढेच मागणे होते. त्याने नाही म्हटले. गाडी दुसरीकडे गेली, तिच्याबरोबर त्या मालकाच्या आणखी दोन गाड्यांचे कामही गेले, आणि पुढच्या महिन्यात कामाच्या टंचाईचे निमित्त होऊन आमचा पुतण्या घरी बसला. परक्या मुलखात, घरभाडे डोक्यावर, आणि सूनबाईंना सातवा महिना.

घरात दोन पक्ष पडले. आमचे धाकटे बंधू बँकेतून निवृत्त झालेले, व्यवहारी मनुष्य. ते म्हणाले, “अण्णा, एक श्रीमंत दुसऱ्या श्रीमंताला जुनं लोखंड विकतो. त्यात आपल्या पोरानं आपली नोकरी का घालवावी? कोणाच्या तोंडचा घास जात होता?” त्यांच्या बोलण्यात बापाची काळजी होती, आणि तीस तोडीचे उत्तर आमच्याजवळ तत्काळ नव्हते. आमची मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांची. तिने सर्व ऐकून घेतले व नातवाशी स्वतः बोलली. “माझ्या सासूबाईंच्या पाटल्या मोडून मी तुझ्या आईचे तोडे केले,” ती म्हणाली, “पण सोनाराकडे मी स्वतः बसून राहिले, आणि कशाचे काय केले ते सगळ्या सुनांना सांगितले. मोडले ह्यात काही वाईट नाही रे बाळ. न सांगता मोडले तर वाईट.” न्यायमूर्तींनी इतक्या पानांत सांगितलेली गोष्ट तिने चार वाक्यांत सांगितली असे आम्हांस वाटले.

बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर पुढे त्या घासलेल्या आकड्यानेच दिले. रिकामपणाच्या दिवसांत पुतण्याने त्याचा माग काढला. कारखान्याच्या जुन्या नोंदीवरून गाडी कोणत्या प्रांतात गेली ते कळले, त्यावरून जुना रस्त्याचा क्रमांक, आणि सरकारी नोंदवहीतून पहिला मालक. पार्मा शहराजवळच्या एका खेड्यातील डॉक्टरांची ती गाडी होती. चौदा वर्षे ते तीतून रोग्यांकडे जात असत. त्यांची कन्या आज वृद्ध असून त्याच गावी राहते. पुतण्या भेटावयास गेला तेव्हा तिने एक छायाचित्र काढून दाखविले. बर्फ पडलेले आहे, अंगणात काळी फिआट उभी आहे, आणि तिच्या नाकाडावर चार वर्षांची ती स्वतः बसलेली आहे. गाडीचे काय झाले हे तिला कधीच कळले नव्हते. एका खोट्या पराक्रमास जागा करून देण्यासाठी एका खऱ्या, साध्या, उपकारी आयुष्याची खूण कानशीने घासून टाकली होती. तोंडचा घास कोणाचा गेला, तर तो ह्या बाईचा. हे ऐकल्यावर बंधू पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग “तिला आपल्याकडून काहीतरी पाठवा,” एवढे म्हणून उठले. पाच महिन्यांनी पुतण्यास दुसऱ्या कारखान्यात जागा मिळाली. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि तो अद्याप पुरता भरून निघालेला नाही.

फिआट ११०० हे नाव महाराष्ट्रास परके नव्हे. १९५३ साली निघालेल्या तिच्या पुढच्या पिढीचीच वंशज पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने घरोघर पोहोचली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईचे चिन्ह झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीच्या सेवेतून निवृत्त झाली. ज्या वाचकांच्या घरी ती होती त्यांस तिच्या दरवाजाचा आवाज अजून आठवत असेल. तिच्यावर कोणी ग्रंथ लिहिलेला नसेल. पण कोणाची सून तीतून घरी आली, कोणाचे आजोबा तीतून रुग्णालयात गेले. अशा वस्तूंचा इतिहास कोठेही छापला जात नाही. तो घरातील मंडळींनी लिहून ठेविला तर राहतो.

म्हणून आमचे वाचकांस एक मागणे आहे. आपल्या घरी कोट्यवधींची इटालियन मोटार नसेल; परंतु तांब्याचा एखादा हंडा, पणजीची नथ, आजोबांचे घड्याळ, एखादी पोथी असेलच. ती कोणाची, कोठून आली, केव्हा मोडली व कोणी नीट केली, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. छायाचित्राच्या पाठीवर नावे घालावी. आणि जे बदलले ते बदलले असेच लिहावे. त्यास पाच मिनिटे लागतात. मोडलेली वस्तू सांधता येते, हरवलेल्या वस्तूची प्रतिकृतीही करता येते, आणि तीस प्रतिकृती म्हटले तर तीत काही उणेपणा नाही. मात्र ‘तो’ आणि ‘हा’ ह्यांना जोडणारा धागा कोणीतरी खरे सांगितल्यावाचून राहत नाही, आणि तो एकदा घासून टाकला तर प्रत्येक वेळी आम्ल लावून तो वर काढणारा मनुष्य मिळेलच असे नाही.